पुडीवर नाव लिहिणाऱ्या इंदुताई

कुणीही गोळ्यांचं पाकीट हातात दिलं की इंदुताई ते आधी उलटं करायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून पाकीट डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायच्या आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचायच्या. पुढचं मोठं, रंगीत नाव त्या वाचतच नसत. "ते लग्नातलं नाव," म्हणायच्या. "माहेरचं नाव मागे बारीक लिहिलेलं असतं. माणूस तेच."

सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीत त्या बसत. हुद्दा फार्मासिस्टचा, पण तो शब्द तिथे कुणाच्या तोंडी बसला नाही. रांध्याहून येणाऱ्या वारली बायका त्यांना 'गोळीवाली बाय' म्हणत, गुजराती मंडळी 'दवावाळा बेन' म्हणत आणि आमच्या टोकरखाड्याच्या वसाहतीत त्या नुसत्या इंदुताई. आडनाव परुळेकर, मूळच्या कुडाळकडच्या. उंच, काटकुळ्या, घट्ट अंबाडा. साडीच्या पदराला कायम पांढरी भुकटी लागलेली. एखाद्या शिक्षिकेच्या पदराला खडू असतो तशी ती गोळ्यांची. माझ्या पदराला खरोखरच खडू असायचा, त्यामुळे आमची पहिली ओळख एकमेकींचे पदर झटकण्यातच झाली.

आम्ही तिथे गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. माझे यजमान वीज खात्यात, मी मराठी शाळेत. गावाभोवती तेव्हा कारखाने उगवायला लागले होते आणि त्यांच्याबरोबर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगाही. आमच्या क्वार्टर्सच्या मागे अशीच एक रांग होती. तिथे धुळ्या-जळगावकडची कुटुंबं राहत, पुरुष सुताच्या कारखान्यांत जात. नळ मात्र त्यांचा आणि आमचा एकच. संध्याकाळी त्या नळावर अहिराणी, गुजराती, हिंदी, मालवणी सगळं एकदमच वाहायचं.

कुंपणापलीकडे इंदुताईंच्या घरात दोनच माणसं, त्या आणि त्यांच्या सासूबाई. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूल नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली तेव्हा इंदुताईंनी म्हणे एवढंच विचारलं, "आणि ह्यांना कोण नेणार?" सासूबाईंना न्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून इंदुताई गेल्या नाहीत. औषधांचं शिकलेल्या होत्या. अर्ज केला, इकडे नेमणूक मिळाली, तशा सासूबाईंना घेऊन आल्या. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. सासूबाईंनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजींनी, सांगितलं, तेही इंदुताई घरात नसताना, आणि सांगून झाल्यावर, "तिका सांगा नको हां," असं बजावलंही.

आमच्या घरी इंदुताई पहिल्यांदा आल्या त्या वाटीभर सोलकढी घेऊन. फळीवर निळ्या पाकिटातल्या गोळ्या पडल्या होत्या. नाव कशाला घेऊ, त्या काळात रेडिओवर त्या गोळीचं गाणं लागायचं आणि लहान मुलंसुद्धा ते म्हणायची. इंदुताईंनी सवयीने पाकीट उलटं केलं.

"हे कोण घेतं?"

"हे घेतात. संध्याकाळी डोकं धरतं त्यांचं."

"रोज?"

"बहुतेक रोजच."

"मग गोळीचं नंतर बघू. चष्म्याचा नंबर कधी तपासलाय?"

यजमानांना चष्माच नव्हता. तो लागला आणि डोकं धरायचं थांबलं. त्यानंतर आमच्या घरात कुणालाही शिंक जरी आली तरी यजमान म्हणायचे, "आधी इंदुताईंना विचार." मीही विचारायची. मुलांना ताप आला, माझी पाठ धरली, सासरे गावाहून गुडघे चोळत आले की मी पाकीट घेऊन कुंपणाशी उभी राहायची. निळी आणू की दवाखान्यातली पांढरी? त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पांढरी ने. चौपट दाम देऊन तेच घ्यायचं असेल तर निळी आण."

एकदा दवाखान्याच्या खिडकीत एका शेठाणींनी नाक मुरडलं. "बेन, आ सरकारी गोळी तो हलकी होय ने?" इंदुताईंनी मालवणी हेल काढत गुजरातीत विचारलं, "बेन, मीठ कुठल्या दुकानातून आणता?" शेठाणींनी सांगितलं. "आणि मी दुसऱ्या दुकानातून आणते. माझी डाळ खारट व्हायची राहते का?" शेठाणी हसल्या आणि पुडी घेऊन गेल्या. मी रांगेत मागेच उभी होते.

पण म्हणून स्वस्त ते चांगलं, असंही त्यांचं नव्हतं. एकदा मी मोठ्या हौशीने बाजारातून साध्या अॅस्पिरिनची बाटली आणली, कुठल्याच बड्या नावाची नव्हे, आणि वापरायची वेळ आली तेव्हा त्यांना दाखवायला नेली. तोवर बाटली काही महिने चुलीवरच्या फळीवर राहिली होती. इंदुताईंनी झाकण काढलं, नाकाशी नेलं आणि माझ्याही नाकाशी धरलं. लोणचं बिघडावं तसा आंबट वास.

"टाकून दे. वाफेने गेली. आज दुकानातून निळीच आण, वाद घालू नकोस."

"पण तुम्हीच तर म्हणता ना, साधी..."

"स्वस्त गोळी चांगली असं मी कधी म्हटलं गो? चांगली गोळी चांगली."

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. आजींचे गुडघे वाताने धरलेले. सकाळी उठून दारापर्यंत यायचं म्हणजे त्यांना भिंतीला धरून, तिच्याशी बोलत बोलत यावं लागे. त्यांना दुखण्यावर निळ्या पाकिटातलीच गोळी लागायची. दवाखान्यातली पांढरी पुढे केली की तोंड फिरवून म्हणायच्या, "तुझी ती चुन्याची गोळी नको माका. ह्येना काय गुण येतलो?" इंदुताई सगळ्या गावाला पांढरी देत आणि पगार झाला की गुपचूप निळी पाकिटं आणत. दुकानदार हसायचा. इंदुताईंना ते लागायचं.

एकदा त्यांनी युक्ती केली. गोळ्या पाकिटातून काढून स्टीलच्या डबीत ठेवायला लागल्या, म्हणजे आजींना फोडायचा त्रास नको. काही दिवस निळ्या पाकिटातलीच ठेवली, तीही दिसायला पांढरीच. मग हळूच पांढरी भरली. आजींना पत्ता लागला नाही. उलट एके दिवशी उन्हात पाय पसरून बसल्या असताना मला म्हणाल्या, "आता गुडघो बरो हा गो. कंपनीची गोळी ती कंपनीची गोळी!"

इंदुताई घरातून हे ऐकत होत्या. त्यांना राहवलं नाही. बाहेर येऊन टाळी वाजवून हसल्या. "आत्याबाई, महिनाभर तुम्ही माझी चुन्याची गोळी खाताय!"

मलाही हसू आलं होतं, पण आजींचा चेहरा बघितला आणि ते आत गेलं. त्यांनी डबी उचलली, झाकण लावलं आणि सुनेच्या हातात दिली. "माका फसवलंस?" एवढंच म्हणाल्या. भिंतीला धरून आत गेल्या. जेवल्या, झोपल्या, देवाचं केलं, सगळं केलं. फक्त सुनेशी बोलायच्या थांबल्या. त्या घरात दोनच माणसं. त्यातलं एक बोलेनासं झालं म्हणजे काय होतं, ते कुंपणापलीकडे आम्हालाही ऐकू येत होतं. भांड्यांचा आवाज तेवढा यायचा.

इंदुताईंनी दोनदा माफी मागितली. मग एका दुपारी मला हाक मारली, म्हणाल्या, "तू ये. तू असलीस तर कदाचित बोलतील." मी गेले. आजी तांदूळ निवडत होत्या. इंदुताई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चुकले. पण गोळी खरंच तीच आहे हो, आत्याबाई."

आजींनी सूप थोडं पुढे ओढलं. मग बोलल्या त्या माझ्याकडे बघून.

"हिचे मामंजी पोटाच्या दुखण्यान गेले. हिना त्येंका बघूक नाय. दुखा लागला की ते उशी दातांत धरीत. गावच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्ये मी कुटून, पाण्यात घालून देय. काय्येक होय नाय. मगे मुंबयसून भाच्यान ही निळी पाकिटां धाडल्यान. ती दिली, आणि त्या दिवशी सांजेक ते निजले. उठले तेव्हा माका म्हणाले, आज पेज बरी झाली हा." तांदळातला खडा त्यांनी बाजूला ठेवला. "दोन महिन्यांत माझ्याशी बोलले ते तेवढाच."

इंदुताईंनी सुपाची दुसरी कड धरली आणि त्याही तांदूळ निवडायला लागल्या.

मी परत निघाले, इंदुताई दारापर्यंत आल्या तेव्हा मी विचारलं, "म्हणजे त्या गोळ्या खरंच वेगळ्या होत्या?"

"कोण जाणे. असतील. किंवा त्या दिवशी दुखणं आपोआप उतरलं असेल. किंवा भाच्याने पाठवली म्हणून माणसाला बरं वाटलं असेल." पदर झटकून म्हणाल्या, "आता निळीच आणणार. दुकानदार हसला तर हसू दे."

आजी दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागल्या. बोलायला लागल्या म्हणजे सुनेच्या आमटीला नावं ठेवायला लागल्या. इंदुताई दवाखान्यात जाताना गाणं गुणगुणत गेल्या, ते मी बघितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भगवान पाटलाचं झालं.

भगवान मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचा. शिरपूरकडचा. बायको सरला, आणि पाळण्यात एक मुलगी. सुताच्या कारखान्यात होता, पण कायम झालेला नव्हता. त्याला ताप आला, अंग ठणकायला लागलं, तरी तो कामावर जात राहिला. सरला नळावर म्हणाली, "ताई, यास्ना ताप काही उतरस नही व. गोया त घेई ऱ्हायनात." इंदुताईंनी तिला विचारलं, दवाखान्यात दाखवलं का? हो म्हणाली. त्या आठवड्यात भगवान खरंच खिडकीशी येऊन गेला होता. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे इंदुताईंनीच त्याला पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली होती, आणि कशा घ्यायच्या तेही सांगितलं होतं.

रविवारी सकाळी सरला धावत आली. भगवानला उलट्या थांबत नव्हत्या. आम्ही दोघी गेलो. तो उंबरठ्यावर भिंतीला टेकून बसला होता. इंदुताईंनी त्याची हनुवटी उन्हाकडे वळवली आणि खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा दिसत होता.

"काय काय घेतोस?"

"तुमनी गोयी, ताई. दवाखानानी."

"आणखी?"

"तिनी बरं वाटे ना, मग दुकानमातून निळी आणली. ती जोरदार शे म्हणतस."

"पांढरी बंद केलीस?"

"नही. दोन्ही. लवकर बरं व्हवाले. खाडा पडना तं काढी टाकतीन ना ताई."

"आणखी काही?"

त्याने सरलाकडे पाहिलं. सरला आत जाऊन पुडी, निळं पाकीट आणि आणखी एक पाकीट घेऊन आली. सर्दीपडशाची गोळी. सोबतच्या कामगाराने दिली होती.

इंदुताईंनी दोन्ही पाकिटं उंबरठ्यावर उलटी ठेवली आणि त्यांच्या शेजारी आपली कागदाची पुडी. निळ्या पाकिटावरचं बारीक नाव बोटाने दाखवलं. "पॅरासिटामॉल." सर्दीच्या पाकिटावर तीन औषधांची नावं होती, पहिलंच ते. मग पुडीवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबल्या. पुडी कोरी होती. रोज त्या जुन्या छापील कागदाचे चौकोन करून त्यांत मोठ्या डब्यातल्या गोळ्या बांधत. त्यावर कधीच काही लिहिलेलं नसायचं.

"ही पण तीच," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "भगवान, तू तीन औषधं नाही घेतलीस. एकच औषध तिप्पट घेतलंस. लिव्हरला सोसत नाही ते."

भगवानला ते समजलं की नाही कुणास ठाऊक. मान हलवत होता. सरलाला समजलं. तिने मुलीला घट्ट धरलं.

कारखान्याचा टेम्पो मिळेपर्यंत इंदुताईंनी कुणाला उसंत दिली नाही. दवाखान्यात डॉक्टरांपुढे तिन्ही प्रकार ठेवून किती, कधी, किती दिवस ते त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी ताबडतोब सुरतेच्या मोठ्या इस्पितळात हलवायला सांगितलं. सरला बरोबर गेली. तिची मुलगी आमच्याकडे राहिली. गाडी सुटताना सरलाने खिडकीतून हात काढून इंदुताईंचं मनगट पकडलं. गाडी हलली तेव्हा कुठे सोडलं.

घरी आल्यावर इंदुताई आमच्या पायरीवर बसल्या. मी चहा दिला. तो हातातच निवला.

"पुडी माझ्या हातची होती, शैला."

"तुम्ही बरोबरच दिली होती."

"बरोबर दिली. पण आणखी काय घेतोस ते विचारलं नाही. आणि नाव लिहिलं नाही. मी सगळ्यांना सांगत फिरते, मागचं नाव वाचा, मागचं नाव वाचा. माझ्याच पुडीला मागे काय होतं?"

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, तसा त्यांनी हात वर केला. समजूत नको होती त्यांना.

सुरतेहून निरोप यायला दिवस लागायचे. कारखान्याचा कुणीतरी जाऊन यायचा, मग कळायचं. जास्त आहे, तसंच आहे, अजून पिवळा आहे. त्या काळात इंदुताई दोन्ही वेळा आमच्याकडे येऊन सरलाच्या मुलीला भात भरवायच्या. मी भरवलेला ती खायची, तरी त्या यायच्या. आजींनी त्या दिवसांत निळी गोळी मागितली नाही. दुखत नव्हतं असं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता पाकीट दिसला की तिच्या तोंडावर काय येता ता बघवणा नाय."

भगवान वाचला. पुष्कळ आठवडे लागले. आला तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता, पण डोळे पांढरे होते. सरलाने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी करून इंदुताईंकडे आणली. भगवान दारातच उभा राहिला. इंदुताई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग फार्मासिस्टच्याच आवाजात विचारलं, "आता काय घेतोस?"

"काहीच नही ताई. आते डोकं दुखनं तं देवनं नाव लेस."

"घे, घे. पण एकाच देवाचं घे," इंदुताई म्हणाल्या. आजी आतून मोठ्याने हसल्या. मग इंदुताईही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून भरीत वाटीत काढायला आत गेल्या.

त्या दिवसापासून दवाखान्याच्या खिडकीतली रांग हळू सरकायला लागली. इंदुताई प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने नाव लिहायला लागल्या. मराठी वाचणाऱ्याला मराठीत, गुजराती वाचणाऱ्याला गुजरातीत. गुजराती अक्षरं गिरवायला त्या माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडे येत. आणि प्रत्येकाला विचारायच्या, "घरात आणखी कसली गोळी चालू आहे? दुकानातली? शेजाऱ्याची? सर्दीची?" लोक कुरकुरायचे. उन्हात उभं राहावं लागतंय, बाई चौकशा करत बसते. वरच्यांनीही एकदा सुचवलं की एवढं लिहीत बसलात तर दुपार होईल. इंदुताईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या लवकर जाऊन पुड्यांचे कागद आधीच लिहून ठेवायला लागल्या.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याकडून नाव म्हणवून घ्यायच्या. रांध्याच्या बायकांनी पॅरासिटामॉलचं 'पारशीमाल' केलं. दुकानदाराला त्या जाऊन सांगायच्या, "पारशीमाल दे, आन दुसऱ्या नावाचा देशील तर बघ." माझ्या वर्गात एका मुलाने ताप आलेल्या मित्राला मोठ्या रुबाबात विचारलं, "पारशीमाल घेतला का रे? एकच घे हां, दोन नावाचा नको!" मी इंदुताईंना हे सांगितलं तर त्यांना उच्चाराचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, "बाकीचं बरोबर म्हणाला ना?"

नव्वदच्या पुढे गाव झपाट्याने बदललं. पत्र्याच्या खोल्या जाऊन तिथे इमारती आल्या. भगवान कायम झाला, अथालला जागा घेऊन गेला. आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ते सांधलं नाही. त्या खाटेवरच राहिल्या. आणि हळूहळू त्यांना माणसंही कळेनाशी झाली. मला त्या कुडाळच्या कुणा यमूच्या नावाने हाक मारायच्या. सुनेला कधी आई म्हणायच्या, कधी 'गो पोरी'. डॉक्टरांनी दुखण्यावर दुसरं, जास्त जोराचं औषध सुरू केलं होतं. मध्ये लागलीच तर साधी गोळी द्या, म्हणाले होते.

एका दुपारी मी बसले होते. आजी कण्हायला लागल्या. इंदुताईंनी फळीवरून निळं पाकीट काढलं, गोळी फोडली, अर्धी केली, चमच्यात पाण्याबरोबर विरघळवून त्यांच्या ओठांशी धरली. आजींनी ती डोळे मिटून घेतली. पाकिटाकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. त्या अवस्थेत त्यांना समोर काय आहे ते दिसत तरी होतं की नाही, मला शंका आहे.

मी हळूच म्हटलं, "आता त्यांना कुठे कळतंय, इंदुताई? दवाखान्यातली दिलीत तरी..."

"त्यांना नाही कळत," इंदुताई म्हणाल्या. चमचा धुऊन त्यांनी पालथा घातला. "मला कळतं ना."

आजी खाटेवर होत्या त्या दोन वर्षांत मी इंदुताईंना कधी आडवं झालेलं पाहिलं नाही. दवाखान्यातून आल्या की खाटेजवळ. कूस बदलायची, पाठ पुसायची, पेज भरवायची. जखम होऊ दिली नाही त्यांनी. भल्याभल्या इस्पितळांत होते ती, पण आजींच्या पाठीला शेवटपर्यंत एक फोड आला नाही. कधी कुंपणाशी उभ्या राहिल्या तर बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहायचं आणि त्या उभ्याउभ्याच डोळे मिटायच्या. मी म्हणायची, मी बसते, तुम्ही थोडं पडा. "पडते हां," म्हणायच्या आणि पडायच्या नाहीत.

आजी सकाळच्या वेळी गेल्या. इंदुताई त्यांच्या केसांना तेल लावत होत्या. लावून पूर्ण केलं, वेणी घातली आणि मग मला हाक मारली. अग्नी कोण देणार, यावर वसाहतीतले पुरुष कुजबुजत होते. भगवान अथालहून आला होता, म्हणाला, मी देतो, मला मुलासारखा मानायच्या. इंदुताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बरोबर ये. पण देणार मी." दमणगंगेकाठी त्यांनीच अग्नी दिला. कुणी आडवं आलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. कुडाळकडे भाचीचं घर होतं, तिथे जायचं ठरलं. सामान फारसं नव्हतंच. भांडी आणि आजींची खाट त्यांनी सरलाला दिली, बाकीचं दोन ट्रंकांत मावलं. माझ्या मनात बोलायचं पुष्कळ साठलं होतं. एवढ्या वर्षांचा शेजार, म्हटलं स्टँडवर सगळं बोलून घ्यावं. एस.टी. लवकर लागली होती, कंडक्टर कुठेतरी चहाला गेला होता. इंदुताई चढल्या, खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. मी म्हटलं, "थांबा, वाटेत खायला चिकू घेऊन येते." त्यांनी मान हलवली.

मी चांगले पिकलेले बघून निवडून घेतले. परत आले तर इंदुताई झोपल्या होत्या. डोकं खिडकीच्या दांडीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, अंबाडा सुटून एक बट गालावर आलेली. आजूबाजूला केवढा गोंगाट, फेरीवाले खिडक्यांवर थापा मारत होते. एकाने त्यांच्या कानाशीच शेंगदाण्याची आरोळी ठोकली. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. त्यांना झोपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. वाटलं होतं त्यापेक्षा त्यांचा चेहरा पुष्कळ लहान होता.

शेजारच्या बाईच्या हातात मी चिकूंची पिशवी दिली. ती म्हणाली, "उठवू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "मुंबईपर्यंत उठवू नका. उठल्या की द्या."

कंडक्टर आला, घंटी वाजली. गाडी मागे सरकली, वळली. खिडकी माझ्या समोरून गेली तेव्हा मी हात वर केला होता, पण हाक मारली नाही. वळणावर गाडी खड्ड्यात आपटली. त्यांचं डोकं दांडीवरून घसरून शेजारच्या बाईच्या खांद्यावर आलं, आणि त्या अनोळखी बाईने जरा सरकून ते तिथे नीट राहू दिलं.